प्रेसिडेंटचं टॅक्स रिटर्न, ७५० डॉलर आणि आपली प्रायव्हसी: एका टॅक्सवाल्याचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत न्यू जर्सीत आहात, घरात एकाचा पगार, १ लाख ८० हजार डॉलर. ऑफिसात जेवताना वाद झाला. एकजण म्हणाला ट्रम्पने ७५० डॉलर टॅक्स भरला आणि आपले तीस टक्के जातात, प्रेसिडेंटचं रिटर्न जाहीर झालंच पाहिजे. दुसरा म्हणाला त्याने कायदा कुठे मोडलाय, आणि कोणाचंही रिटर्न मागणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. तुम्हाला दोघांचंही पटलं, म्हणून इथे विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत हळूच असंही विचारलंय की एक काँडो, म्हणजे फ्लॅट, घेऊन भाड्याने दिला तर आपल्यालाही असं काही जमेल का. त्या ओळीचं उत्तर शेवटी देतो.

मी एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे आयआरएससमोर, इथल्या आयकर खात्यासमोर, लोकांची बाजू मांडायचं लायसन्स आहे, बरीच वर्षं जर्सीत हेच काम करतोय, निम्मी गिऱ्हाइकं आपलीच मराठी-गुजराती-तेलुगू मंडळी आणि उरलेले इथले छोटे धंदेवाले. मत कोणाला देतो ते सांगणार नाही, दोन्ही पार्ट्यांच्या लोकांची रिटर्न्स माझ्याच टेबलावरून जातात.

तुमच्या लंचटेबलावर खरं म्हणजे तीन वेगळे वाद एकात मिसळलेत. त्याने कायदा मोडला का, हा एक. आपल्याला ते रिटर्न बघायचा हक्क आहे का, हा दुसरा. आणि कायदाच मुळात न्याय्य आहे का, हा तिसरा. लोक काय करतात, तिसऱ्याचा राग पहिल्यावर काढतात आणि दुसऱ्यात प्रायव्हसी आडवी आली की म्हणतात बघा, लपवतोय म्हणजे चोरच आहे. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

आधी तुमचा आकडा सरळ करू. "माझे तीस टक्के जातात" हे मी दर सीझनला ऐकतो आणि ते बहुतेक वेळा पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, बघून म्हटलेलं असतं, रिटर्न बघून नाही. २०२४ चं वर्ष धरा, नवरा-बायको जॉइंट, १,८०,००० पगार, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन २९,२०० गेलं, उरले १,५०,८००, त्यावर फेडरल इन्कम टॅक्स होतो साधारण २३,३००. पगाराच्या १३ टक्के. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शन आणि आरोग्यविम्याचे, मिळून १३ हजारांच्या आसपास ते वेगळे, स्टेटचा वेगळा, आणि त्याच स्टबवर हेल्थ इन्शुरन्स आणि फोर-ओ-वन-के, म्हणजे रिटायरमेंटची बचत, पण कापलेलं असतं, माणूस सगळ्यालाच टॅक्स म्हणतो. ट्रम्पचे ते ७५० फक्त फेडरल इन्कम टॅक्सचे आहेत. म्हणून त्याच्यासमोर तुमचे २३,३०० ठेवा. फरक तरीही डोळ्यात भरेल एवढा आहेच, पण भांडायचं तर सारख्याची सारख्याशी तुलना करून भांडा.

आता ते ७५०. न्यूयॉर्क टाइम्सने हा आकडा सप्टेंबर २०२० मध्ये छापला, २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांचा. त्यानंतर ३० डिसेंबर २०२२ ला काँग्रेसच्या वेज अँड मीन्स कमिटीने, म्हणजे टॅक्सचे कायदे बघणाऱ्या कमिटीने, २०१५ ते २०२० अशी सहा वर्षांची रिटर्न्सच खुली केली, त्यामुळे आता अंदाज करायची गरज नाही. २०१५ ला ६,४१,९३१ डॉलर, पुढची दोन वर्षं ७५०-७५०, २०१८ ला ९,९९,४६६, २०१९ ला १,३३,४४५ आणि २०२० ला शून्य. म्हणजे "ट्रम्प टॅक्सच भरत नाही" हे पण खरं नाही आणि "करोडोंनी भरतो" हे पण नाही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१८ चा. त्या वर्षी उत्पन्न दाखवलंय साधारण २.४३ कोटी डॉलर आणि टॅक्स जेमतेम १० लाख, चार टक्क्यांच्या आसपास. ७५० चा आकडा पेपरात छान दिसतो म्हणून तो गाजला, पण तोट्याच्या वर्षी टॅक्स न लागणं यात नवल काही नाही, तुमच्या गल्लीतल्या रेस्टॉरंटवाल्यालाही लागत नाही. नफ्याच्या वर्षी चार टक्के कसे, हा विचारायचा प्रश्न.

रिअल इस्टेटवाल्यांचा टॅक्स एकूणच कमी कसा होतो, याचं उत्तर बरंचसं दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे डेप्रिसिएशन, घसारा. कायद्याच्या नजरेत इमारत ही झिजणारी वस्तू आहे, राहायची असेल तर साडेसत्तावीस वर्षांत आणि ऑफिस-हॉटेल असेल तर ३९ वर्षांत ती कागदावर शून्य होते, जमीन तेवढी सोडून. प्रत्यक्षात मॅनहॅटनमध्ये तिची किंमत तिप्पट का झालेली असेना. आणि ही वजावट पूर्ण किमतीवर मिळते, त्यात स्वतःचे पैसे थोडेसेच आणि बाकी बँकेचे असले तरी. त्यामुळे भाडं खिशात येतंय, मालमत्ता वाढतेय आणि रिटर्नवर मात्र तोटा, हे अगदी रोजचं चित्र आहे, माझ्या अगदी साध्या डॉक्टर गिऱ्हाइकांच्या बिल्डिंगांचंही असंच दिसतं.

दुसरी गोष्ट, तोटा पुढे नेता येणं. १९९५ च्या रिटर्नवर ट्रम्पने ९१.६ कोटी डॉलर तोटा दाखवला होता, तेव्हाच्या नियमाने असा तोटा ३ वर्षं मागे आणि १५ वर्षं पुढे नेऊन त्या-त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता यायचा. तत्त्व म्हणून मला यात काही चुकीचं वाटत नाही. एक वर्ष बुडालं आणि पुढच्या वर्षी तेवढंच कमावलं तर दोन वर्षांत मिळून त्याने काहीच कमावलेलं नसतं. प्रश्न येतो तो बुडालेले पैसे नक्की कोणाचे होते इथे, कारण बँकेचे बुडाले आणि वजावट याला मिळाली असं झालं की तो तोटा खरा किती यावर वकील वर्षानुवर्षं भांडतात.

मग कायदा मोडला का? इथे मी हात वर करतो, आणि माझ्यासारखं काम करणारा कोणीही प्रामाणिक असेल तर करेल. नुसतं रिटर्न बघून हे सांगता येत नाही. रिटर्नवर "खर्च: इतके" एवढंच असतं, तो खर्च धंद्याचा होता की घरचा, कन्सल्टिंग फी म्हणून दिलेले पैसे खरंच कन्सल्टिंगचे होते का, जमिनीची किंमत फुगवली होती का, हे ऑडिटमध्ये पावत्या मागवल्यावर कळतं. ७.२९ कोटी डॉलरच्या एका जुन्या रिफंडवरून आयआरएसशी त्यांचा वाद चालू असल्याचं टाइम्सनेच छापलं होतं. "ऑडिट चालू आहे" याचा अर्थ गुन्हा नाही आणि निर्दोष असाही नाही.

तरी रिटर्न बघून काय कळतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यातून श्रीमंती कळते. ती कळत नाही. बिल्डिंगची आजची किंमत तिथे नसते, शेअर वाढले पण विकले नाहीत तर ती वाढ नसते, कर्ज कोणाकडून घेतलं हेही नीट कळत नाही. मालमत्तेसाठी वेगळा फॉर्म आहे, १९७८ च्या एथिक्स कायद्याखालचा, तो प्रेसिडेंटला भरावाच लागतो आणि तो जाहीर असतो, फक्त त्यात आकडे "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असे ढोबळ असतात. रिटर्नमध्ये त्याच्यापेक्षा जास्त काय, तर पैसा कुठल्या वाटेने आला ती वाट, दान किती दिलं, आणि परदेशात खाती कुठल्या देशात. रिटर्नला जोडायच्या शेड्यूल बी चा तिसरा भाग माहीत असेलच तुम्हाला, जिथे मी आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून विचारून हैराण करतो की बाबा सांगलीच्या बँकेत आईबरोबर जॉइंट एफडी आहे का, पीपीएफ आहे का, सगळं मिळून कधी १० हजार डॉलरच्या वर गेलं का. तोच रकाना ट्रम्पच्या रिटर्नवर होता आणि त्यात चीन, आयर्लंड, ब्रिटन वगैरे नावं होती. परदेशात खातं असणं गुन्हा नाही, आपल्या सगळ्यांची आहेत. पण जो माणूस चीनशी टॅरिफवर बोलणी करतो त्याचं तिथे खातं आहे हे मतदाराला माहीत असावं असं मला वाटतं, आणि ते पत्रकाराने चोरून आणलेल्या कागदातून कळावं यापेक्षा सरळ कळावं.

इथून आपण दुसऱ्या वादात आलो, हक्काच्या. यात १९६९ ते १९७४ प्रेसिडेंट असलेल्या रिचर्ड निक्सनची गोष्ट कळल्याशिवाय काही कळत नाही, कारण आजची प्रायव्हसीही त्याच्यामुळे आणि रिटर्न जाहीर करायची प्रथाही त्याच्यामुळेच.

१९७३ मध्ये प्रॉव्हिडन्स जर्नल या रोड आयलंडच्या पेपरने छापलं की २ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या प्रेसिडेंटने १९७० साली ७९२.८१ डॉलर आणि १९७१ साली ८७८.०३ डॉलर टॅक्स भरला. (म्हणजे ७५० हा काही विक्रम नाही.) कारण काय, तर उपाध्यक्ष असतानाची आपली कागदपत्रं त्याने सरकारी संग्रहाला दान दिली आणि त्यांची किंमत ५,७६,००० डॉलर लावून वजावट घेतली. अशा दानाची सवलत २५ जुलै १९६९ नंतर बंद झाली होती, आणि दानपत्र प्रत्यक्षात १९७० मध्ये सही होऊन त्यावर तारीख १९६९ ची मागची टाकलेली निघाली. आयआरएसने आधी त्याची रिटर्न्स तपासून ठीक आहेत म्हणून सोडली होती. बोभाटा झाल्यावर निक्सनने डिसेंबर १९७३ मध्ये स्वतःच रिटर्न्स बाहेर काढली, काँग्रेसच्या जॉइंट कमिटीला तपासायला सांगितली, आणि एप्रिल १९७४ मध्ये कमिटीने व्याज धरून ४,७६,४३१ डॉलर बाकी काढली. "मी काही चोर नाही" हे त्याचं गाजलेलं वाक्य लोकांना वॉटरगेटच्या हेरगिरी प्रकरणाचं वाटतं, पण नोव्हेंबर १९७३ मध्ये संपादकांच्या ज्या प्रश्नोत्तरांत ते आलं तिथे त्याच्या पैशाचा आणि टॅक्सचा विषय चालू होता.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची ओळ एकच आहे, ज्या खात्याने तपासायचं त्याचा प्रमुख प्रेसिडेंट नेमतो. आपल्या पुण्या-मुंबईच्या हाउसिंग सोसायटीत चेअरमननेच आपल्या हिशोबाचा ऑडिटर नेमावा आणि रिपोर्ट कपाटात ठेवावा, तसं आहे हे. चेअरमन साधा-सरळ असेल, पण सभासदांनी ते मान्य का करावं? बाकी कुठल्याही अमेरिकन माणसाच्या बाबतीत मी म्हणेन की त्याचं रिटर्न तो आणि आयआरएस यांच्यातलं आहे. प्रेसिडेंटच्या बाबतीत मात्र पलीकडे बसलेला माणूस त्याचाच कर्मचारी आहे, शिवाय टॅक्स कायद्यावर सही पण तोच करतो, २०१७ चा मोठा टॅक्स कायदा घ्या, त्यात रिअल इस्टेटवाल्यांना काय मिळालं ते सही करणाऱ्याचं शेड्यूल ई, म्हणजे भाड्याच्या उत्पन्नाचा भाग, बघितल्याशिवाय कसं समजणार.

निक्सननंतर आयआरएसने १९७७ मध्ये स्वतःच्या मॅन्युअलमध्ये नियम घातला की प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंटचं रिटर्न दर वर्षी ऑडिट होणारच. छान वाटतं ऐकायला. पण कमिटीच्या डिसेंबर २०२२ च्या रिपोर्टमध्ये निघालं की ट्रम्पच्या पहिल्या दोन वर्षांत हे ऑडिट सुरूच झालं नव्हतं, पहिली नोटीस गेली ती ३ एप्रिल २०१९ ला, म्हणजे कमिटीचे चेअरमन रिचर्ड नील यांनी रिटर्न्स मागणारं पत्र पाठवलं त्याच दिवशी. तो कायदा नसून खात्याचा अंतर्गत नियम होता, त्यामुळे कोणाला शिक्षा वगैरे काही नाही. हे ऑडिट कायद्याने सक्तीचं करायचं बिल हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, रिपोर्टच्याच आठवड्यात पास केलं, सिनेटमध्ये ते अडकलं.

आता प्रायव्हसी. तुमचा दुसरा मित्र जे म्हणतो ते हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत हे दोनदा करून बघितलंय. १९२४ च्या कायद्याने कोणी किती टॅक्स भरला ते सगळ्यांचं जाहीर केलं, पेपरांनी याद्या छापल्या, १९२६ मध्ये ते रद्द झालं. १९३४ मध्ये पुन्हा ठरलं की प्रत्येकाने रिटर्नबरोबर एक गुलाबी चिठ्ठी जोडायची, नाव, उत्पन्न, वजावट, टॅक्स, आणि ती लोकांना बघता येईल. एवढी ओरड झाली की अंमलात यायच्या आधीच १९३५ मध्ये मागे घेतली, प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण ताजं होतं आणि लोक म्हणाले तुम्ही गुंडांना यादीच देताय. आणि निक्सनच्या काळात रिटर्न्स कोणाला दाखवायची हे बरंचसं प्रेसिडेंटच्या हुकमावर होतं, त्याने आपल्या विरोधकांची यादी करून आयआरएस त्यांच्यामागे लावायचा खटाटोप केला. त्यातून १९७६ मध्ये सेक्शन ६१०३ आजच्या रूपात आला, रिटर्न गुप्त, फोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. हे कलम आधी तुमच्या-माझ्यासाठी आहे. माझ्यावर वेगळं कलम आहे, ७२१६, तुमचं रिटर्न तुमच्या लेखी परवानगीशिवाय मी तुमच्या मॉर्गेजवाल्यालाही पाठवू शकत नाही, लोक चिडतात "अहो पाठवून द्या ना" म्हणून, पण पाठवलं तर तो गुन्हा होतो.

म्हणून चोरून फोडलेल्या कागदांबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. चार्ल्स लिटलजॉन नावाच्या आयआरएसच्या कॉन्ट्रॅक्टरने ट्रम्पचा डेटा टाइम्सला आणि हजारो श्रीमंतांचा प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेला दिला, जानेवारी २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, कलमात आहे ती कमाल. त्या कागदांतून जनतेला फार मोठं काही कळलं यात शंका नाही. तरीही ती शिक्षा मला योग्य वाटते, कारण आज ज्याच्याकडे अब्जाधीशांचा फोल्डर उघडायचा पासवर्ड आहे त्याच्याकडे तुमचा पण आहे, आणि तुमच्या फोल्डरमध्ये व्हिसाचं स्टेटस काढता येईल एवढा मजकूर असतो.

"ऑडिट चालू आहे म्हणून दाखवता येत नाही" याबद्दल एक ओळ. कायद्यात असं काही नाही, स्वतःचं रिटर्न माणूस कधीही दाखवू शकतो, तेव्हाच्या आयआरएस कमिशनरने पण २०१६ मध्ये हेच सांगितलं होतं. मात्र माझं गिऱ्हाईक ऑडिटमध्ये असेल तर मी पण सांगेन की दाखवू नका, हजार सीपीए, म्हणजे इथले सीए, फुकटात चुका शोधतील आणि आयआरएसला आयतं मिळेल. वकिलाचा सल्ला म्हणून तो बरोबर आहे. फक्त माझ्या गिऱ्हाइकाला देशाचं सर्वोच्च पद नको असतं.

ज्या मुद्द्यावर सहसा कोणी बोलत नाही तो म्हणजे बाकीच्यांची प्रायव्हसी. जॉइंट रिटर्नमध्ये बायकोचं किंवा नवऱ्याचं सगळं येतं. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या, नवऱ्याचा न्यूयॉर्कमध्ये रिअल इस्टेटचा धंदा, तो वेगळं रिटर्न भरायचा आणि आधी दाखवायला नाही म्हणाला. गदारोळ झाला, शेवटी दाखवलं, त्यात चूक सापडून ५३,४५९ डॉलर जादा भरावे लागले. नवरा उमेदवार नव्हता, पण पैसा घरातलाच. हे कुठे थांबवायचं? आणि पार्टनरशिप असेल तर के-वन या पार्टनरच्या वाट्याच्या फॉर्मवरून इतर पार्टनरांचा धंदा कळतो, त्यांनी तर निवडणूक लढवलेली नसते. माझं मत विचाराल तर फॉर्म १०४०, म्हणजे मुख्य रिटर्न, आणि त्याची शेड्यूल्स जाहीर, पार्टनरशिपची स्वतंत्र रिटर्न्स नाहीत, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्ते, मुलांची नावं, खात्यांचे नंबर काळे करून. आणि हे फक्त प्रेसिडेंट-व्हाइस प्रेसिडेंट आणि त्या पदाचे मोठ्या पक्षांचे उमेदवार यांच्यासाठी. गव्हर्नर, मेयर, स्कूल बोर्डापर्यंत ओढायला गेलात तर चांगली माणसं उभीच राहणार नाहीत.

हे कायदा करून व्हावं, कमिटीच्या मतदानाने नाही, हे पण सांगतो आणि इथे मी रिपब्लिकन लोकांच्या काळजीशी सहमत आहे. कमिटीला रिटर्न मागायचा अधिकार १९२४ पासून आहे, पण तो कोणाचंही रिटर्न मागायचा आहे, त्यात "प्रेसिडेंटचं" असं लिहिलेलं नाही. २०२२ चं मतदान २४ विरुद्ध १६ असं सरळ पक्षाच्या रेषेवर झालं. उद्या दुसऱ्यांचं बहुमत आलं आणि त्यांनी एखाद्या न्यायाधीशाचं किंवा देणगीदाराचं रिटर्न मागितलं तर? राज्यांनी करून बघितलं तेही टिकलं नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला की प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीच्या, मतपत्रिकेवर नाव हवं तर पाच वर्षांची रिटर्न्स द्या, त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी तो उडवला. आपल्या जर्सीत असंच बिल पास झालं होतं, गव्हर्नर क्रिस्टींनी २०१७ मध्ये व्हेटो केलं. म्हणजे आजच्या घडीला फेडरल कायद्यात सक्ती काही नाही, सगळं त्या माणसाच्या इच्छेवर.

तिसरा वाद, न्यायाचा. यासाठी ट्रम्पपेक्षा २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी बघा, कारण तिथे तोट्याची भानगड नाही, सरळ नफा आहे. २०१२ मध्ये त्यांनी दोन वर्षांची रिटर्न्स दिली. २०११ ला उत्पन्न १.३७ कोटी डॉलर, टॅक्स १९.४ लाख, १४.१ टक्के. तेव्हा पगारावरचा सर्वात वरचा दर ३५ टक्के आणि शेअर वगैरे विकून झालेल्या नफ्यावर १५, बस, एवढंच कारण. गंमत म्हणजे दान ४० लाख दिलं होतं पण वजावट साडेबावीस लाखांचीच घेतली, कारण पूर्ण घेतली असती तर दर आणखी खाली गेला असता आणि त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं की मी १३ च्या खाली कधी गेलो नाही. निवडणुकीसाठी माणूस मुद्दाम जास्त टॅक्स भरतो हे मी आणखी कुठे बघितलेलं नाही. आणि दुसरी बाजू अशी की डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांनी सिनेटमध्ये उभं राहून रॉम्नींनी दहा वर्षं टॅक्सच भरला नाही असं पुराव्याशिवाय ठोकून दिलं होतं. रॉम्नींचे वडील जॉर्ज यांनी १९६७ मध्ये एकदम १२ वर्षांची रिटर्न्स दिली होती, एका वर्षावरून काही कळत नाही म्हणून. मुलानेही तेवढी दिली असती तर अफवेला जागा राहिली नसती.

यातलं बेकायदेशीर काहीच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. पगारदाराचा टॅक्स हातात पैसे यायच्या आधी कापला जातो, डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा दाखला, थेट सरकारला जातो, लपवायला जागाच नाही. आयआरएसचाच अंदाज आहे की पगाराच्या उत्पन्नात साधारण १ टक्का सांगितलं जात नाही आणि जिथे तिसरा कोणी सरकारला कळवत नाही अशा उत्पन्नात ५५ टक्के. त्याच्यावर, खूप श्रीमंत माणसाला विकायची गरजच पडत नाही, शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, कर्ज म्हणजे उत्पन्न नाही म्हणून टॅक्स नाही, आणि मेल्यावर वारसांना वाढलेल्या किमतीनेच मिळतं त्यामुळे तोपर्यंतची वाढ इन्कम टॅक्समधून कायमची सुटते. प्रेसिडेंटने रिटर्न जाहीर केलं म्हणून यातलं एक अक्षर बदलत नाही. ते काँग्रेसनेच बदलायचं असतं. तुम्हाला इथे मत नाही, टॅक्स मात्र पूर्ण आहे, तो एक वेगळा अन्याय, पण सिटीझन मित्राला तुम्ही हे सांगू शकता.

तुम्ही जाता जाता विचारलंय की आपल्याकडे काय. भारतात उमेदवाराला फॉर्म २६ चं शपथपत्र द्यावंच लागतं, मालमत्ता, कर्ज, खटले, आणि २०१९ पासून मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधलं उत्पन्न, स्वतःचं, जोडीदाराचं, एचयूएफचं (हिंदू अविभक्त कुटुंबाचं), अवलंबून असलेल्यांचं. निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणीही बघतं. सक्तीच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, हे इथल्या लोकांना सांगितलं की चकित होतात. पण मिळतो तो एक बेरजेचा आकडा, रिटर्न नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात, ज्यात अकोल्यात नेमणुकीला असलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागितली होती, ठरवलं की आयटी रिटर्न ही वैयक्तिक माहिती, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय आरटीआयखाली मिळणार नाही. नंतर माजी माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अजित पवारांची रिटर्न्स मागितली, तीही मुंबई हायकोर्टात २०१५ मध्ये नाकारली गेली. आणि व्यवसाय "शेती" लिहिलेल्या नेत्यांचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे नुसत्या करपात्र आकड्यातून काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

आता काँडो. तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे असं मी एरवी म्हणतो, पण इथे आकडा दिलाय म्हणून सरळ सांगतो, या वर्षी तुमच्या पगारावरचा टॅक्स त्याने कमी होणार नाही. घसाऱ्यामुळे भाड्यात कागदावर तोटा येईल, पण पगारातून तो वजा करायची सवलत २५ हजारांपर्यंत आहे आणि ती उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की कमी होत जाते, दीड लाखाला संपते. तुमचा तोटा फॉर्म ८५८२ वर साठत राहील आणि भाड्यात नफा होईल तेव्हा किंवा काँडो विकाल तेव्हा वापरता येईल, विकताना घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स परत द्यावा लागेल ते वेगळं. ही मर्यादा ज्यांना लागत नाही ते म्हणजे कायद्याच्या भाषेत रिअल इस्टेट प्रोफेशनल, वर्षाला ७५० तासांपेक्षा जास्त आणि स्वतःच्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यातच घालवणारे. पूर्णवेळ नोकरी करून हे जमत नाही, कोणी यूट्यूबवर जमतं म्हणत असेल तर त्याला तासांची डायरी मागा, ऑडिटर पहिली तीच मागतो. जोडीदारापैकी एकाने हे केलं तरी चालतं, म्हणून बरेच जण बायकोच्या नावाने तास दाखवतात. तुमची बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असेल आणि ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नसेल तर हे अजिबात करू नका, टॅक्स वाचवायला लिहिलेले ७५० तास उद्या ग्रीनकार्डच्या फाइलमध्ये विनापरवाना काम म्हणून वाचले जाऊ शकतात. तो भाग माझा नाही, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि लेखी उत्तर घ्या, मग काँडो बघायला जा.